अस्वल ‘मला’ म्हणत नाही

घरचा मोबाइल तांदळाच्या कोठीत गेला आणि चंचलनं जेवण सोडलं.

सात वर्षांची पोरगी. ताटात भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. घास तोंडात जायचा तर समोर कार्टून नाचलं पाहिजे, अशी तिला सवय लागली होती. ती लावणारा तिचा बाप प्रफुल्ल ओसरीवर अगदी निरागस चेहऱ्यानं पायाची नखं कापत होता.

“देऊन टाक ना,” तो म्हणाला. “पोट्टी उपाशी मरन.”

“मरत नाई,” मोबाइल कोठीत टाकणारी त्याची बायको स्वाती म्हणाली.

“तुले काय मालूम?”

“मी नवी नवरी आली तवा लाजून उपाशीच राहत होती तुमच्या घरी. मेली का?”

प्रफुल्लनं दुसरं नख धरलं. ब्रह्मपुरी ते वडसा तो काळीपिवळी चालवायचा. कोणत्या प्रवाशाशी भांडायचं आणि कोणाला मुकाट्यानं पुढची सीट द्यायची, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. स्वाती पुढच्या सीटवाली होती.

लग्नाआधी ती झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची. धान निघालं की गावोगाव मंडप पडायचे. वडशाच्या एका कंपनीत ती कधी राणी असायची, कधी दारुड्याची बायको, कधी डाकूची बहीण. चंचल पोटात राहिली आणि तोंडाचा रंग सुटला, पण गावात नाव पडलं ते पडलंच. नाटकवाली. आता ती घरी पिकोफॉलची मशीन चालवते. जिच्या साडीला फॉल लावून द्यावा, तीच बाई अंगणाबाहेर पडली की ‘नाटकवालीकडून आणली’ म्हणते. स्वाती त्यावर एकच करते. आणखी मोठ्यानं बोलते.

तर भिंतीकडे तोंड केलेली पोरगी, आणि ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवरून आणलेलं एक पातळसं पुस्तक. अस्वल, मोहाचं झाड आणि पोटदुखी, एवढाच त्यातला मामला. स्वाती पोरीच्या पाठीला वाचून दाखवू लागली.

“एका जंगलात एक अस्वल राहत होते. एके दिवशी अस्वल म्हणाले, मला फार भूक लागली आहे.”

पाठ हलली नाही.

“मला मोहाची गोड फुले हवी आहेत.”

“हे अस्वल कुठचं आहे?” पाठीनं विचारलं.

“आपल्याच जंगलातलं.”

“नाई. शाळेतलं आहे.”

स्वातीनं पुस्तकाकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. अस्वल इस्त्रीचे कपडे घालून उभं होतं.

आणि मग तिला लटारूभाऊ आठवले.

लटारूभाऊ म्हणजे कंपनीचे प्रॉम्प्टर. मंचाच्या पुढ्यात एक खड्डा असायचा, त्या खड्ड्यात लटारूभाऊ, आणि त्यांच्या हातात अख्खं नाटक. तालमी नावापुरत्या व्हायच्या, पाठांतर कोणाचंच नसायचं. लटारूभाऊ खालून ओळ वाचायचे, बाजारभाव सांगावा तशी सपाट. वरचा नट ती ओळ झेलून आपल्या तोंडची करायचा आणि मंडपाच्या शेवटच्या टोकापर्यंत फेकायचा. पहिल्या खेळाला स्वातीनं त्यांची ओळ जशीच्या तशी परत म्हटली होती. तेव्हा खड्ड्यातून आवाज आला होता, “मी बोलतो ते कागदाचं आहे, बाई. तू तुयं बोल.”

(ओसरी. दुपार. खाट म्हणजे मंच. खाटेखाली आई, पोटावर पालथी, हातात पुस्तक.)

आई (सपाट) : मला फार भूक लागली आहे.

चंचल (खाटेवर उभी) : मले लय भूक लागली.

आई : मला मोहाची गोड फुले हवी आहेत.

चंचल : मोहफुलं पाह्यजे मले. गोड गोड. आत्ताच्या आत्ता.

आई : ‘आत्ताच्या आत्ता’ नाई लिहलं इथी.

चंचल : अस्वल उपाशी आहे ना वं आई.

आई : अस्वलाले भात चालते का?

चंचल : आन.

(भात येतो. अस्वल जेवते.)

मग ते रोजचंच झालं. अस्वलाला पोटदुखी झाली की चंचल खाटेवर गडाबडा लोळायची आणि शेजारची मीराबाई कुंपणावरून विचारायची, “पोरीले काय झालं?” खालून स्वाती ओरडायची, “मोहफुलं खाल्ले.” मीराबाईनं ही गोष्ट गावभर नेली. नाटकवालीनं पोरीलाही नाटकवाली केली, असं ठरलं.

पण त्या खाटेवर दुसरंच काही घडत होतं. चंचलला पुढची ओळ कळायची घाई झाली. आई मशीनवर बसली की ती स्वतःच खाटेखाली शिरायची, बोट ठेवून ओळ वाचायची, बाहेर येऊन बोलायची, पुन्हा खाली. मग खाली जाण्याचा कंटाळा आला. डोळे ओळ उचलू लागले, तोंड आपलं बोलू लागलं. अस्वल संपलं तेव्हा ती शाळेच्या पेटीतून उंदराचं पुस्तक घेऊन आली. उंदरामागून राजा आला, राजामागून इंजिनड्रायव्हर. सगळे मले-तुले बोलायचे. मोबाइल कोठीबाहेर काढून फळीवर ठेवला तरी तिची नजर तिकडे जाईना.

“इतका महागाचा मोबाइल,” प्रफुल्ल म्हणाला, “अन् घरात त्याले कोणी कुत्रं विचारत नाई.”

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग शाळेत टॅब आले.

टॅबमध्ये एक बाई होती. दिसायची नाही, पण ऐकायची. पोरानं समोर बसून वाचायचं. बाईला पटलं की शब्द हिरवा, नाही पटलं की लाल. आवाज पेढ्यासारखा गोड.

छापलेलं : मला पतंग उडवायचा आहे.

चंचल : मले पतंग उडवाची आहे.

टॅब : पुन्हा प्रयत्न करूया.

चंचल : मले.

टॅब : पुन्हा प्रयत्न करूया.

चंचल (बाईला कमी ऐकू येत असावं म्हणून, जोरात) : मले.

टॅब : छान प्रयत्न. आपण नंतर पुन्हा भेटूया.

शब्द लाल. वाक्य लाल. पान लाल. शेवटी एक रडका चेहरा आला, ओठ खाली वळलेला, आणि त्याखाली लिहिलं होतं : चंचल.

लोकेश सर गाडीवरून घरी आले. तरुण पोरगा, नागभीडकडचा, शाळेत नवा. मशीनसमोरच्या स्टुलावर बसून ते आधी पाणी प्यायले, मग हवापाणी बोलले, मग म्हणाले, “ताई, चंचल वाचनात मागे दिसते.”

“कुठी दिसते?”

“टॅबमध्ये.”

“अन् तुमाले?”

“मला कोण विचारतं ताई? वर टॅबचंच जातं.” सरांनी पेला खाली ठेवला. “जे मागे आहेत त्यांना वाचनाच्या तासाला पुस्तक नाही, टॅब. आणि घरी रोज अ‍ॅपवर सराव करून घ्यायचा. मोबाइल आहे ना घरी?”

“आहे. मागं तांदळात ठेवला होता.”

सरांना वाटलं, पाण्यात पडला असावा. “मग वाळला का पूर्ण?”

“मोबाइल नाई सर, पोट्टी वाळत होती.”

सर हसले नाहीत, कारण त्यांना कळलं नाही. प्रफुल्लला कळलं, पण तो सरांच्या बाजूला होता. सर गेल्यावर त्यानं अ‍ॅप चढवलं आणि म्हणाला, “सर काय दुश्मन आहे का आपला? तुले नाटकवाली म्हणते गाव, म्हणू दे. पण पोरीले अनपड म्हणन तं मले नाई चालत.”

ह्याला स्वातीकडचं उत्तर रागाचं होतं, आणि प्रफुल्लच्या आवाजात खरी भीती होती. तिनं अ‍ॅप राहू दिलं. ही तिची चूक.

कारण मग असं झालं. चंचल मोबाइल घेऊन बसायची. गोड बाई म्हणायची, पुन्हा प्रयत्न करूया. चंचल करायची. शब्द लाल. पुन्हा करायची. लाल. मग बोट थोडं बाजूला सरकायचं, आणि दुसऱ्या खिडकीत पिवळा उंदीर कढईनं मांजराला बडवत असायचा. तिथे लाल-हिरवं काही नव्हतं. तिथे काही न करता बसता यायचं. बाप समजायचा, पोरगी अभ्यास करून राह्यली.

एका संध्याकाळी स्वातीनं ताट उचललं तर खाली इंजिनड्रायव्हरचं पुस्तक. त्यावर वरणाचा गोल डाग.

“हे काऊन इथी?”

“गरम होतं ताट.”

“वाचलं का पूर्ण? इंजिन पुलावर आलं होतं ना?”

चंचलनं मोबाइलमधून मान काढली नाही. “मले वाचता नाई येत.”

“कोण म्हणते?”

“टॅबनं सांगतलं.”

तिच्या आवाजात रडं नव्हतं. तेच वाईट होतं. सूर्य पश्चिमेला मावळतो, तसं तिनं ते सांगितलं.

स्वाती मशीनवर जाऊन बसली आणि धागा नसलेल्या सुईनं अर्धी साडी शिवली. मग उठली. मोबाइल पोरीच्या हातातून घेतला, बंद केला आणि म्हणाली, “त्या टॅबवाल्या बाईसमोर आपल्याले राणीचं काम करा लागते. अस्वलाचं केलं म्हणून तिले नाई समजलं.”

“राणी कशी बोलते?”

स्वातीनं पदर खांद्यावर ओढला, मान उंचावली. जुना आवाज असा आला, जसा कालच मंडप सुटला असावा. “प्रधानजी. मला सत्य हवे आहे. मला ते आत्ता हवे आहे.”

चंचलनं पाहिलं. ओठ मुडपले. मग उभी राहिली, फ्रॉकचं टोक खांद्यावर टाकलं. “प्रधानजी. मला भात हवा आहे.”

“वा.”

“मला आंबट चिंच हवी आहे. मला बाबांची गाडी हवी आहे.”

ओसरीवरून प्रफुल्ल म्हणाला, “गाडी नाई भेटत राणीसाहेब. हप्ते आहे तिच्यावर.”

ती पोरगी राणी झाली. शाळेत जाताना राणी, विहिरीवर राणी. मीराबाईला तिनं विचारलं, “मावशी, आपण कुठे निघालात?” आणि मीराबाई बादली घेऊन जागीच थांबली.

स्वाती सरांकडे गेली. म्हणाली, पोरीची पुन्हा परीक्षा घ्या. मी खिडकीबाहेर उभी राहते, आत येत नाही.

खिडकीतून तिनं आधी वर्ग पाहिला. एका भिंतीशी पुस्तकांची पेटी, तिच्याजवळ चटईवर एकटाच पोरगा वाचत बसलेला. बँकेतल्या साहेबांचा, साताऱ्याकडून बदली होऊन आलेले. समोरच्या भिंतीशी टॅब आणि टॅबवाले. ती मोजू लागली आणि सोडून दिलं, कारण अख्खा वर्गच तिकडे होता. झिंगूची पोरगी इतवारी, जिच्या घरी गोंडी बोलतात आणि जी मराठीचं एकेक अक्षर दातानं सुपारी फोडावी तसं फोडते, ती तिथेच. लच्छूची प्रिया, जी खिचडीचा फलकसुद्धा घडघड वाचते, ती पण तिथेच. एकाच रांगेत, एकाच रंगात. सगळे लाल.

स्वातीनं दाराकडे पाऊल टाकलं. पण तिनं शब्द दिला होता, बाहेर उभं राहायचा.

चंचल टॅबसमोर बसली. गोष्ट निवड, सर म्हणाले. तिनं अस्वलाचं चित्र दाबलं. दुसरंच अस्वल, दुसरीच गोष्ट. मान उंच.

एका डोंगरावर एक अस्वल राहत होते. हिरवं.

त्याला मध फार आवडत असे. हिरवं.

रोज ते झाडाखाली बसून पोळ्याकडे बघत असे. हिरवं, हिरवं, ‘बघत’ हिरवं, ‘असे’ हिरवं. सरांनी खिडकीकडे पाहून अंगठा दाखवला.

एके दिवशी ते मधमाश्यांना म्हणाले. हिरवं.

पुढे छापलेलं : “मला थोडा मध द्याल का?”

चंचल थांबली.

तिनं ओळ वाचली होती. डोळ्यांनी ती उचललेली स्वातीला दिसली. खिडकीबाहेर स्वातीचे ओठ आपोआप हलले, म, ला. पोरीनं ते पाहिलं. चित्राकडे पाहिलं. चित्रात अस्वल दोन्ही पंजे पसरून बसलं होतं, जीभ बाहेर.

“मले थोडीशी मध द्या ना वं बायांनो.”

टॅब : पुन्हा प्रयत्न करूया.

“नाई,” चंचल टॅबला म्हणाली. “राणी म्हणते मला. अस्वल नाई म्हणत.”

टॅब : पुन्हा प्रयत्न करूया.

“मले.”

टॅब : पुन्हा प्रयत्न करूया.

तिनं बोटानं पान सरकवून पाहिलं. सरकलं नाही. सुट्या वाक्यांना टॅब पुढे जाऊ द्यायचा, गोष्टीत मात्र शब्द हिरवा झाल्याशिवाय पुढचं पान येतच नव्हतं. “सर, हे पलटत नाई.”

“तू ‘मला’ म्हण, पलटेल.”

“मधमाश्या काय म्हणते मंग?”

“आधी ‘मला’ म्हण.”

आता रांगेतली पोरं जवळ सरकली होती. मधमाश्या काय म्हणतात, हे त्यांनाही पाहिजे होतं. प्रिया म्हणाली, “म्हण ना वं, काय जाते तुयं?” इतवारी अस्वलाची जीभ पाहत होती. स्वातीला वाटलं, म्हणून टाक बाई. एक शब्द. सुटशील. तिनंच तर शिकवलं होतं.

चंचलनं टॅब उलटा करून चटईवर ठेवला. तोंड खाली. आतून गोड आवाज येत राहिला, जरा दबका. ती उठून पेटीकडे गेली, साहेबांच्या पोराला म्हणाली, “सरक,” आणि हाताला आलं ते पुस्तक काढलं. पहिलं पान उघडलं. पलटवलं. परत मागं आणलं, पुन्हा पलटवलं.

“हे पलटते,” ती म्हणाली.

आणि तिथेच उभी राहून वाचू लागली. कोणत्यातरी कोल्ह्याची गोष्ट होती. कोल्हा भाजीबाजारात वांगी महाग म्हणून भांडत होता, आणि भांडत होता तो ब्रह्मपुरीच्या बाजारातल्यासारखा. पोरं खिदळली. साहेबांचा पोरगा पण खिदळला. “‘काय भाव दिले वांगे’ असं तिथं छापलंय?” त्यानं वाकून पाहिलं. “नाही छापलं.”

“छापलं ते कागदाचं,” चंचल म्हणाली आणि पान पलटवलं.

सर बाहेर आले. दोघं व्हरांड्यात उभे राहिले.

“तिले वाचता येते का नाई?” स्वातीनं विचारलं. “तुमच्या कानानं सांगा.”

“येतं.”

“मंग तसं लिहा.”

“कान अपलोड होत नाही ताई.” ते थट्टेनं बोलले होते, पण चेहरा थट्टेचा राहिला नाही. “एक शब्द म्हणाली असती तर काम झालं असतं. मी तरी काय करू? लालच जाईल.”

“लाल जाऊ द्या.”

“मागे पडलेल्यांत नाव राहील तिचं. वर्षभर.”

“राहू द्या. पण तिच्या हातातलं पुस्तक काढून तो टॅब द्यान, तं मी रोज इथी येऊन बसन. अन् माझा आवाज तुमाले मालूम नाई सर. मंडपाच्या पल्याड जात होता.” तिनं वर्गातल्या पोरांकडे हात केला. “अन् ह्या सगळ्यायले पण पाठवा माझ्याकडे. वाचनाच्या तासाले. इथीच बसतो आम्ही, व्हरांड्यात.”

“मला वरून विचारतील.”

“तुमची आई कोणती बोली बोलते, नागभीडले?”

लोकेश सरांनी वर्गाकडे पाहिलं. आत कोल्हा आता पोलिसाशी भांडत होता. “मले विचारतीन,” ते हळूच म्हणाले, स्वतःशी बोलावं तसं. हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या तासाला पुस्तकांची पेटी व्हरांड्यात होती.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. दोन आया येऊन भांडून गेल्या, आमच्या पोरांना नाटकवालीच्या हाती देऊ नका म्हणून. त्यातल्या एकीचा पोरगा टॅबकडे परत गेला, गेला तो गेलाच. इतवारीचं वाचन अजून रखडत चाललं होतं. तिच्यासाठी स्वाती गोंडी येणाऱ्या तिच्या बापाला, झिंगूला, धरून आणायची आणि तो लाजून खांबाआड उभा राहायचा. वरच्या कागदावर वर्ग लालच राहिला. स्वातीनं घरच्या मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकलं, पण नंबर कुठेतरी नोंदलेला होता. रोज दिवेलागणीला अ‍ॅपचा निरोप यायचा.

एका संध्याकाळी तो आला तेव्हा प्रफुल्ल नुकताच गाडी लावून बसला होता. चंचल खाटेवर पालथी, पुस्तकात. स्वाती मशीनवर.

“पाह्य, आला तुझ्या बाईचा निरोप,” प्रफुल्ल म्हणाला. त्याच्या आवाजात ती जुनी भीती अजून थोडी होती. “रोज हेच.”

“काय लिहलं?” चंचलनं विचारलं.

“तूच वाच.”

चंचलनं पुस्तकात बोट ठेवलं आणि मोबाइल घेतला. पडद्यावर होतं :

आपल्या पाल्याने आज शून्य मिनिटे वाचन केले. कृपया लक्ष द्यावे.

तिनं डोळ्यांनी ओळ उचलली.

“तुमच्या पोरीनं आज काईच नाई वाचलं. ध्यान द्या जरा.”

मशीन थांबली.

“बरोबर वाचलं का?” चंचलनं विचारलं.

“बरोबर,” स्वाती म्हणाली. “पण ते खोटं आहे.”

“मंग सांग ना तिले.”

“सांगता नाई येत,” प्रफुल्ल म्हणाला. “एकतर्फी असते ते. ते बोलते, आपलं आइकत नाई.”

चंचलनं मोबाइल बापाच्या मांडीवर ठेवला, पालथा.

“मंग बोलू दे,” ती म्हणाली, आणि बोट होतं ते पान उघडलं.